वावडं नेमकं कशाचं?

'वावडं' हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. कुणाला वांग्याचं वावडं असतं, कुणाला पाहुण्यांचं, कुणाला वेळेवर येण्याचं. वांगं खाल्लं की ओठांना खाज सुटते म्हणून ते टाळणारा आणि चव आवडत नाही म्हणून टाळणारा, दोघंही या एकाच शब्दाच्या आडोशाला बसू शकतात. पुढे 'ॲलर्जी' हा शब्द आला आणि त्यानेही मुकाट्याने हीच जागा घेतली. बोरिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये नाकाला रुमाल लावून बसलेल्या कुणालाही विचारा, "ॲलर्जी आहे हो," एवढं उत्तर ठरलेलं. कशाची, असं विचारलंत की मात्र उत्तरं फुटतात. धुळीची, एसीची, दह्याची, मेट्रोच्या कामाची, बदललेल्या हवेची आणि एखादीला तर सासरच्या पाण्याची!

या 'कशाची'चं उत्तर शोधणारी तपासणी असते. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत तिच्या पाट्या आता जागोजागी दिसतात. रक्ताचा नमुना घरी येऊन नेणारेही आहेत. मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण बँकेतल्या माणसाला कागद वाचता येतो अशी नातेवाइकांची एक गोड समजूत असते. त्यामुळे विम्याच्या पॉलिसीपासून रक्ताच्या रिपोर्टापर्यंत घरात येणारा प्रत्येक छापील कागद 'काकांना दाखवून घ्या' या शेऱ्यासह माझ्याकडे येतो. असाच एक नऊ पानी रिपोर्ट गेल्या वर्षी माझ्या हातात आला आणि त्यापायी मी या विषयात शिरलो.

मुलुंडला माझा पुतण्या राहतो. त्याचा मुलगा आठ वर्षांचा. उठल्याबरोबर ओळीने शिंका, रात्री खोकला आणि पावसाळा लागला की छातीत सूं सूं आवाज. कुणीतरी सुचवलं म्हणून एका प्रयोगशाळेकडून रक्ताची 'संपूर्ण तपासणी' करून घेतली होती. रिपोर्टात शंभरावर खाद्यपदार्थांची नावं आणि प्रत्येकापुढे हिरवी, पिवळी नाही तर लाल पट्टी. लाल पट्टीचे पदार्थ अडतीस. गहू, दूध, मूग, टोमॅटो, नारळ, लसूण, शेंगदाणे, कोळंबी... आमच्या स्वयंपाकघरात रोज जे जे लागतं ते जवळजवळ सगळं. वहिनींनी, म्हणजे मुलाच्या आजीने, ती यादी फ्रिजवर चिकटवली आणि तिच्या बाहेर राहून नातवाला जेवू घालण्याचा संसार सुरू केला. भात, दुधी, बटाटा. भात, पडवळ, बटाटा. नारळाशिवाय भाजी आणि लसणाशिवाय आमटी. मुलाने वाढदिवसांना जाणं सोडलं, कारण तिथे जाऊन तो नुसता बसून राहायचा. चार महिन्यांत त्याचं वजन दोन किलोंनी उतरलं. खोकला होता तिथेच होता.

"काका, नऊ पानांचा रिपोर्ट आहे, खोटा कसा असेल?" पुतण्याने विचारलं. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर पानांची संख्या आणि खरेपणा यांचा संबंध नसतो एवढं मला नक्की ठाऊक होतं. पण रिपोर्ट खोटा नव्हता. त्याने मोजलेली गोष्ट वेगळी होती आणि आम्ही विचारलेली वेगळी. हा फरक ध्यानात येण्यासाठी थोडं मागे जायला हवं.

अंगावर पित्त उठणं हा अनुभव आपल्या घराघरांत जुना आहे. लालसर, उंच, खाजणाऱ्या गांधी उठतात. आजी आमसुलाचं पाणी लावते आणि तासा-दोन तासांत त्या जशा आल्या तशा विरून जातात. ॲलर्जीची सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत भरवशाची मानली जाणारी तपासणी या गांधीवरच उभी आहे. ज्या पदार्थाचा संशय आहे त्याचा अंश त्वचेत किंचित शिरू द्यायचा आणि तिथे गांध उठते का ते पाहायचं. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना दर उन्हाळ्यात शिंकांचा त्रास व्हायचा. त्यांनी स्वतःची त्वचा खरवडून तिच्यावर गवताचे पराग लावले आणि उठलेली गांध पाहिली. १८७३ साली त्यांचं पुस्तक निघालं. 'ॲलर्जी' हा शब्द तेव्हा नव्हताच. तो १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. १९२१ साली प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोघा जर्मन डॉक्टरांनी आणखी एक नामी प्रयोग केला. क्युस्टनरना मासे सोसत नसत. प्राउस्निट्झनी त्यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि माशांचा काही त्रास नसलेल्या त्या माणसाच्या अंगावर गांध उठली! म्हणजे वावडं करणारं जे काही होतं ते रक्तातून एकाकडून दुसऱ्याकडे नेता येत होतं. ते नेमकं काय, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं लागली. १९६६-६७च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिक यांनी रक्तातली ती प्रथिनं शोधली. त्यांना आज 'आयजीई' म्हणतात.

ही आयजीई प्रथिनं त्वचेतल्या, नाकातल्या, श्वासनलिकेतल्या काही पेशींवर पहारेकऱ्यांसारखी बसलेली असतात. प्रत्येक पहारेकऱ्याला एकच चेहरा ओळखीचा असतो. तो चेहरा समोर आला की पेशी फुटल्यासारखी होऊन हिस्टामिन नावाचं रसायन बाहेर टाकते. त्याने त्वचेवर गांध उठते, नाकात शिंक येते, छातीत सूं सूं होतं. आमच्या नऊ पानांत मोजलेलं प्रथिन याच घराण्यातलं, पण दुसरं होतं. त्याचं नाव 'आयजीजी'. आपण जे जे खातो त्याची ओळख शरीर आयजीजीच्या रूपाने ठेवत असतं. ती बहुतेक वेळा ओळख असते, वैर नसतं. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ साली आणि अमेरिकेतल्या संस्थेने २०१० साली, खाद्यपदार्थांचं वावडं ठरवायला ही तपासणी वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. बँकेच्या भाषेत बोलायचं तर ती रोजच्या ये-जा करणाऱ्यांची वही होती आणि आम्ही ती चोरांची यादी म्हणून फ्रिजवर लावली होती. मूल रोज गहू खात होतं म्हणून गहू लाल पट्टीत. एवढाच त्याचा अर्थ.

पुढे आम्ही घाटकोपरच्या एका ॲलर्जीतज्ज्ञांकडे गेलो. पहिल्या भेटीत त्यांनी तपासणी केलीच नाही. पाऊण तास नुसते प्रश्न. त्रास घरात जास्त की शाळेत? पलंगावर की जमिनीवर झोपतो? गादी कापसाची का? किती वर्षांची? भिंतीला ओल आहे का? गावाला गेला की कमी होतो का? कोणता पदार्थ खाल्ल्यावर किती वेळाने काय झालं? पुतण्या जरा हिरमुसला. पण माझ्या मते ती पाऊण तासाची चौकशी हीच अर्धी तपासणी होती. ॲलर्जीची चाचणी हे एखाद्या प्रश्नाचं उत्तर असतं. प्रश्नच धड नसेल तर उत्तर कितीही रंगीत छापलं तरी निरुपयोगी.

याचं एक मोठं उदाहरण स्पेनच्या बार्सिलोना शहरातलं आहे. १९८०च्या दशकात तिथे अधूनमधून एखाद्या दिवशी अचानक दम्याचे रुग्ण रुग्णालयांत लोटायचे. इतर दिवशी काही नाही. संशोधकांनी आधी तारखा मांडल्या, रुग्ण कुठल्या भागातले ते पाहिलं आणि तो धागा बंदरापर्यंत गेला. ज्या दिवशी जहाजातून सोयाबीन उतरवलं जाई, तेच हे दिवस. मग रक्त तपासलं तेव्हा रुग्णांत सोयाबीनविरुद्धचं आयजीई सापडलं. कोठाराला गाळणी बसवल्यावर त्या साथी थांबल्या. तारखा आधी, रक्त नंतर. तेव्हा तपासणीला जायच्या आधी दोन-तीन आठवडे एक साधी वही ठेवा. त्रास कधी झाला, कुठे होतो, काय खाल्लं होतं, घरात काय चाललं होतं. झाडलोट, रंगकाम, माळ्यावरचे गणपतीचे मखर काढणं, जे असेल ते. बरोबर चालू असलेल्या सगळ्या औषधांची वेष्टणं न्या. नुसती नावं सांगू नका, आपण हमखास विसरतो.

औषधांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गांध हिस्टामिनमुळे उठते आणि शिंकांवर आपण घेतो त्या गोळ्या हिस्टामिनलाच अडवणाऱ्या असतात. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, क्लोरफेनिरामिन यांपैकी काहीही पोटात असेल तर गांध उठणार नाही आणि वावडं असूनही कागदावर 'काही नाही' असं येईल. म्हणून या गोळ्या साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवायला सांगतात. नेमके किती दिवस, ते तुमचे डॉक्टर सांगतील. पण या गोळ्या वेष बदलून येतात. सर्दी-खोकल्याच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत आणि मुलांच्या सिरपांत त्या असतात. आमच्या मुलाला रोज रात्री एक गोळी चालू होती, तिच्यात मॉन्टेलुकास्ट आणि लिव्होसेट्रिझिन अशी दोन औषधं एकत्र होती. यातल्या पहिल्याने तपासणीला बाध येत नाही, दुसऱ्याने येतो. तेव्हा तेवढ्या दिवसांपुरती ती बदलून द्यावी लागली. नाकात मारायच्या काही फवाऱ्यांत, खाज कमी करणाऱ्या काही गोळ्यांत, इतकंच काय, झोपेसाठी किंवा मनाच्या आजारासाठी दिलेल्या अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांतही हा गुण असतो. यातलं शेवटचं तर स्वतःच्या मनाने कधीच बंद करायचं नाही. ज्याने दिलं त्याला विचारायचं. हातावर स्टेरॉइडचं मलम लावत असाल तर तेही सांगायचं.

आणि एक गोष्ट थांबवायची नाही. दम्याचा पंप. तपासणी आहे म्हणून सगळंच बंद, असा सरसकट हिशेब करून काही घरांत पंपही बाजूला ठेवला जातो. पंपातल्या औषधाने गांध अडत नाही, त्यामुळे तो बंद करून मिळत काही नाही, धोका मात्र खरा असतो. दमा उसळलेला असेल तर जाणकार डॉक्टर तपासणी पुढे ढकलतात. गरोदर बायकांचीही ही तपासणी एरवी पुढेच ढकलतात. पूर्वी कधी अंग सुजून, रक्तदाब उतरून रुग्णालयात जावं लागलं असेल तर त्यानंतर साधारण महिनाभर थांबतात. आता माझ्या वयाच्या मंडळींसाठी एक सूचना. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी गोळी किंवा काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू असतील तर ते आधी सांगा. या औषधांनी निकाल बिघडत नाही, पण चुकून मोठी प्रतिक्रिया आलीच तर जीव वाचवणारं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन त्यांच्यामुळे कमी लागू पडू शकतं. बंद करायचं की नाही, हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचं.

उपाशी जायचं का? नाही. साखरेच्या तपासणीने आपल्याला अशी काही सवय लावली आहे की कुठल्याही तपासणीला निघालं की चहाचा कपसुद्धा परत जातो. इथे पोटभर खाऊन जावं. रिकाम्या पोटी आणि लोकलच्या गर्दीतून आलेल्या माणसाला टोचणीपेक्षा भोवळच आधी येते. सैल बाह्यांचा कपडा घालावा आणि हाताला तेल-क्रीम लावू नये. तासाभराचा वेळ काढून जावं. मुलाला "काहीच करणार नाहीत" असं खोटं सांगू नये. "डास चावल्यासारखं होईल, खाज येईल आणि वीस मिनिटं खाजवायचं नाही," एवढं खरं सांगितलं की मुलं ऐकतात.

आमच्या मुलाच्या हातावर चौदा थेंब घातले होते. कोपरापासून मनगटापर्यंतचा आतला भाग पुसून घेतला, पेनाने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याजवळ एक थेंब ठेवला आणि बारीक टोकाने त्या थेंबातून त्वचेला नुसता स्पर्श केल्यासारखं टोचलं. रक्त येत नाही. यातले दोन थेंब संशयिताचे नसतात. एक साध्या मिठाच्या पाण्याचा, तिथे काही उठता कामा नये. दुसरा खुद्द हिस्टामिनचा, तिथे गांध उठलीच पाहिजे. नोटेबद्दल संशय आला की आमचा कॅशियर तिच्याशेजारी एक खरी नोट ठेवून पाहायचा, तसंच हे. हिस्टामिनच्या जागी काही उठलं नाही तर कुठली तरी गोळी अजून पोटात आहे असं समजावं आणि त्या दिवशीचा सगळा निकाल रद्द धरावा. मिठाच्या पाण्यालाही गांध उठली तर त्वचाच इतकी हळवी आहे की नुसत्या टोचण्याने फुगते. अशा वेळी किंवा औषधं बंद करणं शक्यच नसेल तर, रक्तातलं त्या त्या पदार्थाविरुद्धचं आयजीई मोजतात. रक्ताची तपासणी वाईट नाही. आयजीई की आयजीजी, एवढं मात्र रिपोर्टावर बघून घ्यावं. अक्षर एकच बदलतं, पण सगळा फरक त्या अक्षरात आहे.

पंधरा-वीस मिनिटांनी पट्टी घेऊन गांधी मोजतात. भोवतीची लाली वेगळी, मधला उंचवटा वेगळा. मिठाच्या पाण्याच्या जागेपेक्षा तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांध आली तर ती ग्राह्य. त्यानंतर अर्धा तास तिथेच बसावं. खाज तासा-दोन तासांत जाते, क्वचित संध्याकाळी हात थोडा सुजतो. मोठी प्रतिक्रिया फार दुर्मिळ, पण दुर्मिळ म्हणजे अशक्य नव्हे. म्हणून जिथे डॉक्टर समोर नाहीत आणि ॲड्रिनलिन हाताशी नाही तिथे हात पुढे करू नये. हे विचारण्यात संकोच कसला? लॉकर घेताना आपण दोन किल्ल्यांची चौकशी करतोच ना?

मुलाच्या हातावर तीन गांधी उठल्या. धुळीतल्या किड्यांची सात मिलिमीटर, झुरळाची पाच आणि कोळंबीची चार. दूध, गहू, शेंगदाणे, सगळे कोरे. वहिनींचा चेहरा क्षणभर उजळला आणि कोळंबीपाशी पुन्हा उतरला. आमच्या घरात कोळंबीचं कालवण हा काय प्रकार आहे ते मत्स्याहारी वाचकांना सांगायला नको.

इथे डॉक्टरांनी जे सांगितलं ते या सगळ्या खटाटोपाचं सार आहे. गांध उठली याचा अर्थ शरीराला तो चेहरा ओळखीचा आहे. खाल्ल्यावर त्रास होतो असा त्याचा अर्थ होत नाही. गांध मोठी म्हणून त्रास मोठा, असंही नाही. उलट गांध उठली नाही तर वावडं नसण्याची शक्यता चांगलीच असते. कोळंबीच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. कोळंबी, झुरळ आणि धुळीतला किडा हे दिसायला तिघं वेगळे, पण कुळ एकच. तिघांच्याही स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं जवळजवळ सारखं प्रथिन असतं. झुरळावर चिडलेला पहारेकरी कोळंबीलाही अडवू शकतो, चेहरेपट्टी जुळते म्हणून! मुंबईच्या दमट घरांत वाढलेल्या मुलांच्या हातावर कोळंबीची गांध उठणं यात म्हणूनच फार आश्चर्य नाही. डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, "यादी लावायच्या आधी याने शेवटची कोळंबी कधी खाल्ली?" वहिनी म्हणाल्या, "दर रविवारी खायचा की!" "कधी ओठ सुजले? उलटी? अंगावर पित्त?" "कधीच नाही."

मध्ये चार महिने खंड पडला होता म्हणून डॉक्टरांनी ती घरी न देता त्यांच्यासमोर खाऊ घालायचं ठरवलं. ही खाऊन पाहण्याची तपासणी अन्नाच्या वावड्यातला शेवटचा शब्द मानतात आणि ती घरी कधीही करायची नसते. ठरल्या दिवशी वहिनी स्टीलच्या डब्यात कालवण घेऊन घाटकोपरला आल्या. आधी नखाएवढा तुकडा, मग थांबणं, मग अर्धी, मग एक, मग चार. मध्ये मध्ये छाती तपासत होते. दोन तास झाले. मुलाने डबा पुसून खाल्ला आणि भात का नाही आणला म्हणून आजीला विचारलं. वहिनी दवाखान्याच्या बाकावर बसून डोळे पुसत होत्या.

राहिले धुळीतले किडे. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पाव मिलिमीटरच्या आसपास असतात. १९६४ साली नेदरलँड्समधल्या फोरहोर्स्ट आणि स्पिक्समा यांनी घरच्या धुळीतला खरा गुन्हेगार म्हणून त्यांना पुढे आणलं. ते आपल्या त्वचेच्या गळून पडलेल्या कोंड्यावर जगतात, पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात. दमट हवा आणि कापसाची गादी म्हणजे त्यांचं माहेर. मुंबईत दोन्ही फुकट. उपाय साधे आणि कंटाळवाणे आहेत. गादी-उशांना घट्ट विणीच्या खोळी, चादरी आठवड्याला कढत, साठ अंशांच्या पाण्यात धुणं, कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं आणि झाडताना मूल खोलीबाहेर, भिंतीची ओल दुरुस्त करणं. झुरळांसाठी फवाऱ्यापेक्षा गोळी-जेल बरं, कारण फवाऱ्याचा वास दम्याला स्वतःच त्रास देतो. एवढ्याने सगळं भागत नाही. औषधं आणि पंप चालूच राहतात. आणखी एक मार्ग म्हणजे त्याच पदार्थाचे वाढते डोस देऊन शरीराला सवय लावणं. १९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी तो प्रथम मांडला. तीन ते पाच वर्षं चालतो, निवडक रुग्णांना उपयोगी पडतो. मात्र तो त्रास देणाऱ्या मोजक्या गोष्टींसाठीच. रिपोर्टातल्या सगळ्या नावांची एकत्र बाटली कुणी देऊ लागलं तर दुसरं मत घ्यावं.

ही तपासणी काय सांगत नाही, तेही लक्षात असू द्या. सिमेंटची धूळ, गाड्यांचा धूर, अगरबत्ती, फटाके यांनी श्वासनलिका चिडते, पण ते आयजीईचं काम नव्हे. तेव्हा हातावर काही उठलं नाही म्हणून शेजारच्या बांधकामाची धूळ निर्दोष ठरत नाही. केसांचा कलप, टिकलीचा गोंद, खोटे दागिने किंवा गवंड्याच्या हाताला सिमेंट लागून होणारी खरूज ही दोन दिवसांनी उमटणारी वेगळी गोष्ट. तिच्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून अठ्ठेचाळीस तास ठेवतात आणि नंतर पुन्हा एकदा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम गाळायचा नाही, त्यामुळे मे महिना टाळलेला बरा. १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेत भरलेल्या गाजरगवताने त्वचेचे जे हाल केले ते याच जातीचे. आणि कबुतरं! २०२५ साली कबुतरखान्यांवरून मुंबईत रस्त्यावर आणि न्यायालयात जो वाद झाला त्यात 'ॲलर्जी' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. पण कबुतरांच्या विष्ठेमुळे आणि पिसांच्या भुकटीमुळे फुप्फुसाला येणारी सूज हा बहुतांशी आयजीईचा आजार नाही. हातावरच्या टोचणीत तो सापडत नाही. त्याला छातीचं सीटी स्कॅन, श्वासाची तपासणी आणि मुख्य म्हणजे खिडकीत कबुतरं बसतात का हा प्रश्न लागतो. महिनोन् महिने कोरडा खोकला आणि जिना चढताना दम, अशा माणसाने हातावर काही उठलं नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

खातं गोठवायला बँकेत एका ओळीचा आदेश पुरतो. ते पुन्हा चालू करायला किती कागद, किती खेपा आणि किती मनस्ताप लागतो ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिलं आहे. पानातला पदार्थ गोठवणंही तसंच सोपं असतं. लाल पट्टी दिसली की आपण घाबरून सगळं बंद करतो. आठ वर्षांच्या मुलाने ते चार महिने जेवणाच्या ताटासमोर काढले, त्याचा हिशेब कुठल्याही रिपोर्टात येत नाही. म्हणून कुणी बंदीची यादी हातात ठेवली तर दोन प्रश्न शांतपणे विचारा. हे खाल्ल्यावर मला कधी, काय झालं होतं? आणि ही यादी नेमकं काय मोजून काढली? दोन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर ती यादी फ्रिजवर लावू नका.